चटका लागेपर्यंत

आमच्या घरी पुस्तकं कमी, पत्रकं फार. बालाघाटात शाळा हिंदी होती. मराठी मी पत्रकांवरून शिकले. बाबा गोंदियाच्या सभांना जायचे आणि उरलेले गठ्ठे घरी आणायचे. कोऱ्या बाजूवर मी गणितं करायचे, छापील बाजू मोठ्यानं वाचायचे. कागदावर ठळक अक्षरांत काही छापलं असेल तर ते कोणीतरी आपल्या भल्यासाठीच छापलं असणार, असं आमच्या घरात सगळे धरून चालायचे.

बाबा बैहरच्या वाटेवर एका ठेकेदाराच्या दगडखाणीत ड्रिल चालवायचे. पोटाशी दाबून धरायचं आणि दगडात भोकं पाडायची. संध्याकाळी घरी आले तरी त्यांचे हात थरथरत असायचे. पुढं पुढं थंडीत बोटं खडूसारखी पांढरी पडू लागली. शर्टाची बटणं आई लावून द्यायची. तवा मात्र ते फडक्याशिवाय उतरवायचे. चुलीतला निखारा चिमटीत धरून बिडी पेटवणं ही खाणीतल्या ड्रिलवाल्यांची शान होती. "ड्रिलवाल्याचा हात हाये हा!" बाबा म्हणायचे आणि आम्ही भावंडं टाळ्या वाजवायचो. बधिरपणाला आमचं अख्खं घर ताकद समजत होतं.

गेल्या हिवाळ्यात ड्रिल त्यांच्या हातातून सुटलं. कोणाला लागलं नाही, पण ठेकेदाराच्या मुन्शीनं त्यांना घरी बसवलं. त्याची परीक्षा सगळ्यांना माहीत होती. काठोकाठ भरलेला चहाचा गिलास टपरीवरून त्याच्या टेबलापर्यंत न सांडता आणायचा. "होली के बाद आना," तो म्हणाला. "चाय गिरी तो जगह दूसरे की." बाबांना दुसरं काम येत नव्हतं.

त्याच दिवसांत बालाघाटात एका दुकानाचं पत्रक घरोघर फिरलं. लाल आणि अवरक्त किरणं, पेशींना नवी ऊर्जा, थकलेल्या नसांना आराम. बाबांनी ते मला दोनदा वाचायला लावलं. मग आम्ही दुकानात गेलो. पांढरा कोट घातलेला एक तरुण समजावून सांगत होता, "काकाजी, मोबाइल चार्ज करते हो ना? शरीर का सेल भी वैसे ही चार्ज होता है."

"मंग माहा चार्जर कुठं लावा लागते?" बाबांनी विचारलं.

रांगेतले लोक हसले. तोही हसला. बाबांच्या बोटांना त्यानं हात लावून पाहिला नाही. भला मोठा लाल बल्ब असलेला दिवा त्यानं भाड्यानं दिला आणि एकच नियम सांगितला: हात समोर धरा, चटका लागला की मागं घ्या.

घरी बाबा रोज दिव्यासमोर बसू लागले. खोलीभर लाल उजेड पडायचा. शेजारच्या बाया दारातून डोकावायच्या. "काय भाऊजी, कोंबडीची पिल्लं उबवून राह्यले काय?"

"हौ, तुमच्यासाठीच. अंडी आणा."

पण आतून ते धास्तावले होते. "मले तं काहीच लागून नाही राह्यलं," ते आईला म्हणायचे. "याच्यात दमच नाही." आणि हात थोडा आणखी पुढं सरकवायचे. होळी जवळ येत होती. नियमाप्रमाणे ते चटक्याची वाट पाहत होते.

एका दुपारी मी कामाला होते त्या छापखान्यातून जेवायला घरी आले. आई अंगणात कपडे धूत होती. तिनं नाक वर केलं. "काही जळून राह्यलं काय वं?" ती आधी चुलीकडं धावली. चूल विझलेली होती. मग आम्ही आतल्या खोलीत गेलो. बाबा डोळे मिटून बसले होते. उजव्या हाताची बोटं बल्बला जवळजवळ टेकली होती. आमची चाहूल लागताच ते म्हणाले, "आज जरासं गरम वाटून राह्यलं. गुण येऊन राह्यला वाटते."

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की सौम्य लाल उजेडाचे दिवे वेगळे असतात, आम्ही आणला तो शेकायचा दिवा होता. आणि ज्या हाताला संवेदना नाही त्या हाताला शेक द्यायचाच नसतो. जखमा चिघळल्या. दोन बोटं पेराशी कापावी लागली.

भरपाई मागायला मी मुन्शीकडं गेले. तो माझ्याकडं न बघता बोलला, "घर में जला है. खदान का इससे क्या लेना?"

घरी येऊन मी पेटून पत्रक लिहिलं. ठगांपासून सावध, विज्ञानाच्या नावानं लूट, गरिबांच्या हातांची राखरांगोळी. बाबांना वाचून दाखवलं. ते हाताच्या पट्टीकडं बघत म्हणाले,

"चांगलं हाये. पण मुन्शीले आवडंन हे."

"काहून?"

"तोही तेच म्हणते न, दिव्यानं जळला म्हणून. बाई, दिवा तं शेवटी आला. माह्या हातातला चटका कोणं नेला, ते लिव."

मी ते फाडलं आणि नवं लिहिलं. दुकानवाल्याला सोडलं नाही. तो दुसऱ्या परिच्छेदात आहे. पहिल्यात ड्रिल आहे, पांढरी पडणारी बोटं आहेत, आणि खाणीनं कधीच न तपासलेले हात. मालकानं मजुरांच्या हातांची तपासणी करावी, एवढी एकच मागणी.

सकाळी खाणीकडं जाणारी बस सुटायच्या आधी मी स्टँडवर उभी राहिले. बाबा पलीकडच्या बाकावर, हात शालीत. ड्रिलवाले डबे घेऊन येत होते. मी गठ्ठा पुढं केला. पहिल्यानं एक कागद उचलायला बोटं टेकवली, त्याच्या हातात चार आले. एकमेकांपासून सोडवता येईनात, म्हणून ते तसेच खिशात कोंबून तो बसमध्ये चढला. दुसऱ्याचंही तेच. तिसऱ्यानं अंगठा ओला करून पाहिला, मग हसून म्हणाला, "तूच दे न वं बाई एक काढून."

मी काढून दिला. त्याच्या मागच्यालाही. गठ्ठा हातातच ठेवून मी एकेकाच्या तळव्यावर एकेक कागद ठेवत गेले, बस निघेपर्यंत.