मेन स्विचपाशी कौसल्या

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे बकऱ्यांच्या कोठ्याच्या फाटकाची बिजागरी जोडणं. त्यात सांगण्यासारखं काही नाही. विहिरीवरच्या मोटरघरात मी वेल्डिंग मशीनसमोर उकिडवा बसलो. माझी बायको कौसल्या दाराजवळच्या मेन स्विचपाशी जाऊन उभी राहिली, दांड्यावर हात ठेवला आणि भिंतीकडे तोंड केलं. मी म्हटलं, दे. तिनं दांडा वर केला. बिजागरी चिकटल्यावर मी म्हटलं, काढ. तिनं दांडा खाली ओढला, छताच्या बलबकडे पाहिलं, तो विझल्याची खात्री केली आणि मग म्हणाली, "हं, आता लावा हात." येताना तिनं बांधावरची अंबाडी खुडून पदरात घेतली. त्याच आठवड्यात तिला ताप भरला, आणि आता तिची तेरवी होऊनही कितीतरी दिवस झाले...

तेरवीला लोक चांगलं बोलले. हाताला चव होती, कोणाशी भांडण नव्हतं, देवाधर्माची होती. खोटं काहीच नाही. पण तेवढ्यावर ती बाई संपत नाही. मी चौथी शिकलेला धानाचा शेतकरी, मला लिहिण्याची सवय नाही. तरी लिहितो, कारण इतकी वर्षं ती माझ्या जिवावर पहारा देऊन उभी होती आणि हे गावात बाजूच्या वावरातल्या एकट्या गणपतशिवाय कोणाला ठाऊक नाही.

आणीबाणी उठली त्या सुमाराची गोष्ट. धान विकायला लाखनीला गेलो की मी सडकेवरच्या ट्रकवाल्यांच्या एका कारखान्यापुढे उभा राहत असे. लोखंडाला लोखंड चिकटताना बघायचो. काम राहून जायचं, बैल उपाशी राहायचे, मी तिथंच. त्या मालकानं नवीन मशीन घेतली तेव्हा जुनी माझ्या गळ्यात घातली. आत तेल भरलेली लोखंडी पेटी, एका बाजूनं चेपलेली, खालून तेल गळायचं, तारांना जागोजागी चिंध्या गुंडाळलेल्या. बैलांच्या बंडीत टाकून आणली. कौसल्यानं बंडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "हे खाते काय?" म्हटलं, करंट खाते. "आनं मानूस?" मी हसलो. ती हसली नाही.

आमच्या विहिरीवर मोटरीसाठी विजेची लाईन आली होती, तिथंच मशीन बसवली. मोटरीचा आणि मशीनचा मेन स्विच एकच. मला नादच लागला म्हणा ना. सुरुवातीला काळी काच नव्हती, डोळे मिटून वेल्डिंगची कांडी टेकवायचो. मग डोळ्यांत वाळू टोचल्यासारखं व्हायचं आणि ती बटाट्याच्या चकत्या डोळ्यांवर ठेवत बसायची, शिव्या देत देत. मग भंगारातून काच मिळाली. ट्रकच्या पट्ट्याचं बाकडं केलं, आमची पोरगी रमा करडी गावात दिली आहे, तिच्या लेकराचा झुला केला, गावच्या लोकांचे तुटके नांगर जोडून दिले. पैसे घेत नव्हतो. घेतले असते तर धंदा झाला असता, आणि मला धंदा करायचा नव्हता. लोखंडाचं पाणी होताना बघायचं होतं.

आता आमच्याकडची एक रीत सांगितली पाहिजे. लाईनीचा भरवसा नसतो. ती कधी जाईल आणि कधी येईल हे कोणी सांगू शकत नाही. म्हणून लाईन आली की वावरात जो कोणी असेल तो आपली मोटर लावतो आणि जाता जाता शेजाऱ्याचीही लावून देतो. शेजारी घरी जेवत असेल, झोपला असेल, त्याचं पाणी वाया जाऊ नये म्हणून. यात चूक काहीच नाही. असं न करणाऱ्याला लोक नावं ठेवतात.

त्या दिवशी लाईन गेलेली होती. मी स्वतःच्या हातानं मेन स्विच खाली केला आणि कोपऱ्यात, बारदान्यांच्या थप्पीमागे, मशीनच्या तारा उघड्या हातांनी आवळत बसलो. बाजूचा गणपत बांधावरून चालला होता. लाईन आली. चारी बाजूंच्या मोटरी गुणगुणल्या. गणपतनं दारातून पाहिलं, आमचा स्विच खाली. मी त्याला दिसलो नाही. त्यानं बिचाऱ्यानं हात आत घातला आणि दांडा वर केला... माझी शिदोरी घेऊन कौसल्या तेवढ्यात पोचली. ती सांगायची, आतून आवाज आला तो माणसाचा वाटलाच नाही. मला मशीननं भिंतीवर फेकलं होतं. फेकलं म्हणून वाचलो, धरून ठेवलं असतं तर संपलो होतो. शुद्ध आली तेव्हा तळहाताचं कातडं जळाल्याचा वास येत होता, दारात गणपत कपाळ बडवत होता आणि तिचे दोन्ही हात स्विचच्या दांड्यावर होते. दांडा खाली होता, तरी ती आणखी खाली दाबत होती. कोणी सोडवायला गेलं की ओरडायची.

मला वाटलं, आता ही मशीन विहिरीत टाकायला लावते. लोकही तेच म्हणत होते. पण हात बरा झाल्यावर मीच महिनाभर मोटरघराकडे फिरकलो नाही, घरात नुसता बसून राहिलो, तर एक दिवस म्हणाली, "असे मेल्यावानी बसून राहाल त मले दोन्हीकडून भेवच हाये. चाला. पन मी उभी राहीन, तवाच." म्हटलं, स्विचला पेटी करतो, कुलूप लावतो, तुला कायले त्रास. त्यावर ती म्हणाली, "तुमी चिपकले त कुलुपाले ऐकू येईन का?"

तेव्हापासून ती उभी. रोवणी असो, कापणी असो, मला काही जोडायचं असलं की ती हातातलं काम टाकून यायची. आगीकडे पाहता येत नाही म्हणून भिंतीकडे पाहायची. भिंतीवर माझी सावली पडायची, निळी-काळी, नाचणारी. सावली हलते आहे तोवर माणूस जिवंत, असा तिचा हिशेब. मी नवीन कांडी लावायला थांबलो आणि सावली थांबली की लगेच विचारायची, "अजी?" मी हं म्हटलं की परत भिंतीकडे. गणपत बांधावरून टोमणा मारायचा, "वैनी, नवऱ्याले राखून राहिली का धानाले?" ती म्हणायची, "धानाले तुमी राखा, नवऱ्याच्या बाबतीत तुमचा भरवसा नाई." तो हसायचा आणि मग मान खाली घालून बांधावरून निघून जायचा. त्या दिवसाबद्दल गणपतसमोर आम्ही कधीच बोललो नाही.

मशीनसाठी मी एक वेगळा स्विच भंगारातून आणला होता, बलबही त्यावरच घेतला होता. एकदा तिनं दांडा खाली ओढला आणि बलब जळतच राहिला. स्विच आतून चिकटलेला. माझा हात तारेकडे निघालाच होता. तिनं हाक नाही मारली, पायातली चप्पल फेकून मारली, ती मनगटावर बसली. तो स्विच तिनं स्वतः नेऊन तलावात टाकला. त्या दिवसापासून तिचा दांड्यावरचा विश्वास उडाला. आधी बलब, मग हात. मला भेव वाटत नव्हतं असं नाही. रोज वाटायचं. पण ती माझ्या पाठीशी उभी असली की ते तिच्याकडे आहे असं वाटायचं, जसं डोक्यावरचं ओझं कोणी क्षणभर धरावं... आणि मी खुशाल कांडी टेकवायचो.

ताप भरला तेव्हा आम्ही हिवताप समजलो. तो डोक्यात गेला. जीपनं भंडाऱ्याला नेलं. कारध्याच्या पुलावर तिनं डोळे उघडले, खाली वैनगंगा वरच्या पावसानं तुडुंब होती, पण ती पाण्याकडे पाहत नव्हती, माझ्या हातांकडे पाहत होती. दवाखान्यात ती बरळायला लागली. उजवा हात वर जायचा आणि खाटेवर खाली यायचा, वर जायचा आणि खाली यायचा. रमा म्हणाली, बाबा, माय काय करते? मला कळत होतं. मी कानाशी तोंड नेऊन म्हटलं, काढला, कौसल्या, काढला. तिला पटेना. छताकडे पाहत म्हणाली, "जळून राहिला ना... हात नोका लावू." दिवस असूनही आभाळ अंधारलेलं होतं आणि खोलीतला बलब जळत होता. मी उठलो, बटण दाबलं. बाजूच्या खाटेवरच्या माणसांनी आवाज केला, त्यांना मी हात जोडले. अंधार झाल्यावर तिचा हात थांबला. बराच वेळ वर पाहत राहिली. मग म्हणाली, "हं." पुढचं बोलली नाही. दुपारी गेली. संध्याकाळच्या आत नदीवर सगळं आटोपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात पाहुणे बसले होते आणि मला दुरून माझ्याच मोटरीचा आवाज आला. कोणीतरी म्हणालं, सुतकात वावरात कायले जाता. मी गेलो. धान गर्भात होता, लोंबी फुटायच्या बेतात, आणि आमच्याकडे पावसानं ओढ दिलेली. गणपत माझ्या धानाच्या बांधीत फावड्यानं पाणी वळवत होता. "लाईन आली होती भाऊ, म्हून लावली," तो म्हणाला. म्हटलं, बरं केलंस. मग मी मोटरघराच्या दारात उभा राहिलो. स्विच वर. बलब जळतो आहे. कोपऱ्यात मशीन. आणि दांड्यापाशी कोणी नाही. सांगायला लाज वाटत नाही, माझे पाय आत जाईनात. त्या झटक्यापासून आजवर त्या खोलीत मी कधी एकटा नव्हतो, हे मला तेव्हा कळलं.

गणपतला हाक मारली. दांडा खाली ओढायला लावला. मोटर थांबली, बलब विझला. म्हटलं, "हात तिथंच ठेव. कोनी आलं, काही म्हनलं, तरी उचलू नोको." त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी कोणत्या दिवसाचं बोलतो आहे ते त्याला समजलं. त्यानं पहिल्या हातावर दुसरा हात ठेवला. मी पाना घेतला आणि मशीनकडे जाणाऱ्या दोन्ही तारा आतल्या भिंतीवरच्या लाकडी फळीवरून सोडवल्या. नट गंजलेले होते, वेळ लागला. मधेच पान्याचा आवाज बंद झाला की गणपत घाबरून म्हणायचा, "भाऊ?" आणि मी म्हणायचो, हं. तारा गुंडाळून मी बाहेर आलो, म्हटलं, झालं गणपत, सोड आता, धानाला पाणी लाव.

तो बलबकडे पाहत होता. त्यानं हात सोडला नाही.