मावशीची जागा रिकामी नव्हती

माझ्या साडूच्या दुसऱ्या बायकोला मी काय म्हणावं, असं एकदा मी माझ्या बायकोला विचारलं. नियम साधा आहे. बायकोच्या बहिणीचा नवरा तो साडू, आणि साडूची बायको ती मेहुणी. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने हातातला टॉवेल झटकला आणि म्हणाली, “म्हणा की मेहुणी. जेवायलाही तिकडेच जात जा.” तेव्हापासून आमच्या घरात तिचं नाव पडदेवाली. मीही तेच म्हणतो.

नाव टोमणा म्हणून पडलं, तरी त्यात खोटं काही नव्हतं. ती खरोखरच पडदे शिवायची. बाजाराच्या मागच्या गल्लीत तिचं बोळासारखं अरुंद दुकान होतं. भिंतीला कापडाचे तागे उभे केलेले, मधोमध कापायचं लांब टेबल, आणि टेबलापलीकडे शिलाई यंत्रावर ती. गळ्यात मापाची टेप असायची आणि ती घरी जातानाही काढायची राहायची. गिऱ्हाइकाशी गोड बोलायचं असतं, हे तिला कुणी शिकवलं नसावं. कापड वाचवू पाहणाऱ्याला ती तोंडावर सांगायची, “एवढ्यात पडदा होत नाही. टॉवेल हवा असेल तर शिवून देते.”

साडूशी तिचं लग्न व्हायच्या आधी ती एकदा आमच्या कार्यालयात खिडक्यांची मापं घ्यायला आली होती. साहेबांच्या खोलीत स्टुलावर चढून माप घेतलं, खाली उतरली आणि म्हणाली, “तुमची खिडकी तिरकी आहे. पडदा मी सरळ शिवणार. नंतर वाकडा दिसला तर मला बोलावू नका.” पडदा वाकडाच दिसायचा आणि तिला बोलावण्याची कुणाची हिंमत झाली नाही. तिचं काम चोख होतं, हे मी आजही म्हणेन. माणूस म्हणून ती मला कधी आवडली नाही.

माझा साडू वजनकाटे दुरुस्त करतो. लोकांचे काटे सरळ करण्यात त्याची हयात गेली, पण स्वतः कुठल्या बाजूला झुकायचं हे त्याला कधी ठरवता आलं नाही. घरात दोन बायकांचा आवाज चढला की तो चपला शोधायला लागतो. त्याची पहिली बायको म्हणजे माझ्या बायकोची धाकटी बहीण. ती तापाच्या आजारात गेली तेव्हा त्यांची मुलगी सात वर्षांची होती. आम्हाला मूलबाळ नाही. ही भाची सुट्टी असली की आमच्याकडे असायची आणि ‘मावशी, मावशी’ करत माझ्या बायकोच्या पदराला धरून घरभर फिरायची. बहीण गेल्यावर माझ्या बायकोला सावरलं ते त्या हाकेने. दुसऱ्या कशाने नाही.

साडूने पुन्हा लग्न केलं, त्याला माझ्या बायकोचा विरोध नव्हता. उलट नातेवाईक कुजबुजायला लागले तेव्हा तीच त्यांना म्हणाली, “पुरुषाने एकट्याने किती दिवस काढायचे? मुलीची वेणी कोण घालणार?” वैर आलं ते नंतर, ते तिघं पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा. चहा झाला. भाची खुर्चीवर पाय हलवत बसली होती. म्हणाली, “मावशी, मला पाणी.”

बायको उठली.

“तू नाही गं,” भाची म्हणाली. “ही मावशी.”

पडदेवाली उठली, आमच्या स्वयंपाकघरात गेली आणि आमच्याच फडताळातला पेला भरून घेऊन आली. बायको होती तिथेच उभी राहिली.

“हिला मावशी म्हणायला कुणी सांगितलं गं तुला?” तिने भाचीला विचारलं.

“मी सांगितलं,” पडदेवाली म्हणाली. “आई म्हण, असं मी सांगणार नव्हते. मग काहीतरी म्हणायला हवंच ना पोरीने.”

“आई म्हणायला सांगितलं असतंत तर मी समजून घेतलं असतं. आई गेली. ती जागा रिकामी आहे. मावशीची जागा रिकामी नव्हती. मावशी ही तुमच्यासमोर उभी आहे.”

“एक शब्द काय एकाच बाईला पुरतो? चार बहिणी असल्या तर चार मावशा होतात.”

“बहिणी असल्या तर. तुम्ही माझ्या कोण?”

साडू एव्हाना दाराशी चपला शोधत होता.

सावत्र आईला मावशी म्हणतात, हे मी दोन-चार घरांत पाहिलं आहे. पण त्या घरांत खरी मावशी एकतर नव्हती किंवा कुठेतरी लांब होती. इथे ती चार गल्ल्या सोडून राहत होती आणि ती एकच होती. पडदेवालीच्या हिशेबाने तिने मुलीला मोठी सवलत दिली होती. बायकोच्या हिशेबाने तिच्या घरातली एकुलती एक वस्तू कुणी दिवसाढवळ्या उचलून नेली होती. दोघींपैकी एकीनेही पुढे माघार घेतली नाही.

मुलीने आपल्या परीने वाट काढली. तिकडच्या घरात ती माझ्या बायकोला ‘तिकडची मावशी’ म्हणू लागली आणि आमच्या घरात पडदेवालीला ‘ती मावशी’. बायकोला हे कळलं ते फोनवर. पलीकडून पडदेवाली रिसीव्हर बाजूला धरून ओरडली, “अगं, तिकडच्या मावशीचा फोन आहे.” बायकोने फोन ठेवला आणि दिवसभर माझ्याशी बोलली नाही. संध्याकाळी म्हणाली, “मी तिकडची. सख्ख्या बहिणीच्या पोरीला मी तिकडची.” मी म्हणालो, “अगं, पत्त्याच्या अर्थाने म्हणत असतील.” ती म्हणाली, “तुम्ही पोस्टात नोकरीला का नाही लागलात?”

अशी बारा वर्षं गेली. दोघी एकमेकींना पाण्यात पाहत राहिल्या. आमच्या खिडक्यांना बायकोने दुसऱ्या कुणाकडून तरी भिकार शिवलेले पडदे लावले. ते मुद्दाम रस्त्यावरून दिसतील असे लावले. पडदेवाली आमच्या घरावरून गेली की थांबून वर बघायची आणि मान हलवून पुढे जायची.

मग भाचीचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. सकाळी साडूचा फोन आला, आणि आम्ही रुग्णालयात पोहोचेपर्यंत तिला वॉर्डात आणलं होतं. दारावर एक रखवालदार खुर्ची टाकून बसला होता. आई-वडिलांना केव्हाही आत सोडायचं आणि बाकी नातेवाइकांपैकी एका वेळी एकालाच, असा तिथला नियम होता.

“तुम्ही पेशंटच्या कोण?” त्याने बायकोला विचारलं.

“मावशी.”

“मावशी आत आहे.”

“ती नव्हे. सख्खी मावशी मी.”

“बाई, सख्खी-चुलत मला कळत नाही. एक मावशी आत गेलीय. ती बाहेर येईल तेव्हा दुसरी जाईल.”

काय झालं होतं ते माझ्या लगेच लक्षात आलं. पडदेवालीने दारात ‘आई’ असं सांगितलं असतं तर दोघी आत जाऊ शकल्या असत्या. तिने ‘मावशी’ सांगितलं आणि दुसऱ्या मावशीचं दार बंद झालं. बायकोचा आवाज चढला तशी पडदेवाली बाहेर आली, गळ्यात टेप तशीच. साडू औषधं आणायला गेला होता, किंवा गेलो असं सांगून गेला होता.

“दारात तरी आई म्हणून सांगायचं होतं,” बायको म्हणाली. “की तिथेही मलाच अडवायचं होतं?”

“बारा वर्षं ती मला मावशी म्हणते. त्याने विचारलं तेव्हा तोंडाला तेच आलं.”

“बारा वर्षांत दुसरा शब्द सापडला नाही? ताई म्हणायला सांगायचं.”

“ताई? मी काय तिच्या बापाची मुलगी आहे?”

“मग काकू.”

“काकू म्हणजे बापाच्या भावाची बायको. यांना भाऊ कुठाय?”

“मग आत्या म्हणायला लावायचं.”

“म्हणजे मी नवऱ्याची बहीण. डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?”

बाकावर पायाला प्लास्टर घातलेला एक माणूस बसला होता. तो म्हणाला, “मामी राहिली.” दोघींनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की तो भिंतीवरची धूम्रपानाची सूचना वाचायला लागला.

पडदेवालीने आवाज खाली आणला. “लहानपणी मला सावत्र आईला आई म्हणायला लावलं होतं. नाही म्हटलं की पुढ्यातलं ताट उचलायची. या पोरीशी मी तसं वागणार नव्हते. त्यासाठी तुमची परवानगी घ्यायला हवी होती का?”

“हो,” बायको म्हणाली. “घ्यायला हवी होती.”

तेवढ्यात आतून भाचीचा बारीक आवाज आला, “मावशी, उशी जरा...” दोघी एकदमच दाराकडे वळल्या आणि रखवालदाराने हात आडवा घातला. अर्ध्या उघड्या दारातून मला दिसलं. वॉर्डातल्या आयाबाई पलंगापाशी गेल्या आणि त्यांनी भाचीच्या मानेखालची उशी सारखी केली. त्या वॉर्डात सगळेच त्यांना मावशी म्हणत होते.

थोड्या वेळाने नर्स बाहेर आली. “किती आवाज करता हो. पेशंट विचारतेय, काका आलेत का.”

काका म्हणजे मी. रखवालदाराने दोघींना सांगितलं, “आता काका आत. बाकी सगळे बाहेर.” दोघी त्या बाकाच्या दोन टोकांना बसल्या. मध्ये प्लास्टरवाला माणूस अडकला.

भाचीचा चेहरा पांढरा पडला होता. म्हणाली, “काका, आत सगळं ऐकू येत होतं.”

“सगळं?”

“ताईपासून मामीपर्यंत.” ती हसली आणि टाके दुखले म्हणून थांबली. मग म्हणाली, “मी हाक मारली की कुणाला तरी राग येतोच. इकडे मारली की तिकडे, तिकडे मारली की इकडे. मैत्रिणींना सांगताना मी एकीला मावशी म्हणते आणि दुसरीला ‘आमच्या ओळखीच्या एक’ म्हणते. कोणती कोण, तेही माझ्या लक्षात राहत नाही.”

“बरी हो आधी,” मी म्हणालो.

“आता मी दोघींनाही मावशी म्हणणार नाही. आत्ता मारली ती हाकसुद्धा या आयाबाईंना होती.”

“भूल उतरली की बरं वाटेल.”

“उतरलीय, काका.”

दुखण्यातलं बोलणं म्हणून मी ते सोडून दिलं. पण तिने ते पाळलं. ती माझ्या बायकोशी बोलते, घरी येते, तब्येत विचारते, पण हाक मारायची वेळ आली की ‘अगं’. तिकडेही ‘अगं’. साडू एकदा मला हळूच म्हणाला, “आमच्याकडे आता मावशी कुणीच नाही. तुमच्याकडे आहे का?” मी म्हणालो, “नाही.” तो म्हणाला, “मग फिट्टंफाट झाली.” असं काही झालेलं नाही, हे त्यालाही माहीत होतं.

एकदा साडूला भेटायला म्हणून मी पडदेवालीच्या दुकानात गेलो होतो. भाची टेबलाशी उभी राहून पडद्याच्या कड्या मोजत होती. एका गिऱ्हाईक बाईने तिला कौतुकाने विचारलं, “या तुझ्या कोण गं?” यंत्राचा आवाज थांबला. भाची म्हणाली, “या पडदे शिवतात.” पडदेवालीने दातांत धरलेली टाचणी काढली, चुणीला टोचली आणि त्या बाईला म्हणाली, “तुमचं कापड पुरणार नाही. घेऊन जा परत.” कापड पुरत होतं. मला दिसत होतं.

घरी येऊन मी हे बायकोला सांगितलं. मला वाटलं, तिला बरं वाटेल. तिला बरं वाटलं, पण फार वेळ नाही. रात्रीचं जेवण वाढताना म्हणाली, “तिच्यामुळे गेलं ते. तिने उचललं नसतं तर माझं माझ्याकडे राहिलं असतं.” साडू सांगतो, पडदेवालीही अगदी हेच म्हणते. फक्त ‘ती’च्या जागी ‘तिकडची’ म्हणते.

गेल्या रविवारी भाचीचा फोन आला. बायकोने उचलला.

“अगं, मी बोलतेय.”

“कुणाशी बोलतेयस?”

“तुझ्याशी.”

“मी तुझी कोण?”

भाची म्हणाली, “तुला माहितीये ना.”

बायकोने फोन माझ्या हातात दिला. “घ्या. तुमच्याशी बोलेल. तुम्हाला अजून काका म्हणते.”