दुसरीला रोग नव्हता

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर वाकडं, त्याची माफी असावी. शाळा चौथीपर्यंतच झाली. पण हे तोंडाने कुणाला सांगणं मला जमलं नसतं.

कॅन्सरमुळे माझी डावी छाती काढली, त्याला सात महिने झाले होते. धुळ्याचे डॉक्टर म्हणाले, "तुमची आई आणि मावशी याच रोगाने गेल्या. उजवीत आज काही नाही, पण पुढे होऊ शकतं. आधीच काढलेली बरी. जबरदस्ती नाही, तुम्ही ठरवा."

आजवर माझ्या लुगड्याचा रंगसुद्धा दुसऱ्यांनी ठरवला होता. मालक म्हणाले, "तुझं तू बघ." मोठी जाऊ म्हणाली, "चांगली केळ कुणी मुळापासून तोडतं का?" मलाही तसंच वाटायचं. तिन्ही लेकरं त्या दुधावर वाढली होती.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, धाकटा भाऊ मला चोपड्याला माहेरी घेऊन गेला. भावाशी असलं बोलायची रीत नाही, म्हणून मी भावजयीला सांगितलं आणि तिने त्याला. तो दाराकडे तोंड करून म्हणाला, "अक्का, तू नही राहिनी ते आखाजीले मी कोनले लेवाले येऊ?"

दर आखाजीला मला न्यायला तोच यायचा. मी ऑपरेशनला हो म्हटलं. विहिरीवरच्या मोटारीसाठी ठेवलेले पैसे त्याने दवाखान्यात भरले.

घरी आल्यावर पहिल्या अंघोळीला मी फार रडले. उजवी राहिली असती, असं अजूनही वाटतं.

बहिणीचे पैसे भाऊ घेईना. मग शिवणकामाचे पैसे मी दरवर्षी भावजयीकडे देत गेले. नऊ वर्षं लागली. यंदा सगळे फिटले.