यंत्राची विचारपूस

लेखणी हाती घेण्याचा अधिकार मला नाही, तरी उतारवयात हे धाडस करतो आहे, क्षमा असावी.

दिंद्रुडहून परळीला जाणाऱ्या एस.टी.त एक बाई माझ्या शेजारी बसली होती. खिडकीशी तिची पंधरा-सोळा वर्षांची लेक, अबोल. गावांत मोबाइल नुकतेच पोचले होते. बाईचा वाजला. मनाच्या आजारावर उपचार घेणाऱ्या मुलांची चौकशी दवाखान्याचे यंत्र अशी फोनवरून करीत असे. आवाज साऱ्यांना ऐकू येत होता.

"जेवण जाते का? हो असेल तर एक दाबा, नाही तर दोन."

लेकीकडे न पाहताच बाईने एक दाबला, पदराने फोन पुसला.

"झोप लागते का?"

तिचा अंगठा पुन्हा एकाकडे वळला.

"तिला विचारा ना," मी चाचरत म्हणालो.

"काय इचारायचं, काका? दोन दाबलं की नर्सबाई घरी येती. गल्ली म्हनती, पोरीला येड लागलंय. मग सोयरीक कोन करील?"

"आई, मला झोप न्हाई लागत," मुलगी खिडकीकडे पाहतच म्हणाली. "लई दिवस झाले."

यंत्राने प्रश्न पुन्हा विचारला. बाईचा थकलेला चेहरा माझ्याकडे वळला.

"काका, आता तुमीच सांगा, कोनतं दाबू?"

वाचकहो, तुम्ही काय सांगितले असते?