दाभणाचं भोक

आमच्या ह्यांचं माझ्याशी शेवटचं बोलणं झालं ते कोल्हापुरात, दवाखान्यातल्या खाटेवर. छातीला तारा चिकटवलेल्या, नर्स गप्प पडा म्हणून दटावत होती आणि हे मला विचारत होते, "नावेत हवा टिकलीया का बघितलीस?" बघितली, मी म्हणाले. खोटंच. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यातून मुलाचा फोन आला... त्याला आता दीड महिना झाला.

नाव म्हणजे रबराची, हवा भरायची. आमचं गाव पंचगंगेच्या काठाला. एका पुरात आम्ही दोघं चार दिवस माडीवर अडकलो, तेव्हापासून मी एकच धोशा लावला होता, गडहिंग्लजला मुलाकडे राहायला जाऊ, त्याचं घर उंचावर आहे. ह्यांनी त्यावर काय केलं, तर कुठून तरी ही जुनी गळकी नाव उचलून आणली. "आता कशाला जायचं? नाव हाय की!" झालं. पाण्यापेक्षा जास्त त्या नावेनंच मला अडकवलं.

ह्यांची हयात टायर रिमोल्डिंगच्या दुकानात गेलेली. दर महिन्याला नाव गच्चीवर पसरायची, पायपंपानं फुगवायची, साबणाचा फेस चोळायचा आणि बुडबुडा कुठं येतो ते बघत उकिडवं बसायचं. सापडला की खडूनं गोल, मग घासायला पॉलिश पेपर, चिकटवायला सोल्युशन, वर ठिगळ. माझ्या दुखण्याखुपण्याकडे इतकं बारीक लक्ष कधी दिलं नाही, हे आज लिहूनच टाकते.

आणि दुसरंही. एका दुपारी पोती शिवायच्या दाभणानं मी नावेला भोक पाडलं. नाव बाद झाली तर माणूस हलेल, एवढाच विचार. संध्याकाळी ह्यांनी भोक शोधलं, "उंदरं लई झाल्यात" म्हणाले आणि ठिगळ लावलं.

त्याच पावसाळ्यात पाणी पुन्हा जिन्याला लागलं. आम्ही नावेत बसून निघालो. निम्म्या वाटेवर, उसाचे नुसते शेंडे दिसत होते तिथं, फुस्स आवाज सुरू झाला. ठिगळ सुटलं होतं, नेमकं माझ्याच भोकाचं. "अंगठा दाब," हे ओरडले, "आनि काढू नगंस!" दाबून धरला. नाव तरी मऊ पडत चाललेली, चहूकडं गढूळ पाणी, जागचं हलता येईना. मला रडूच फुटलं. तेव्हा वल्हं मारता मारता, माझ्याकडं न बघता म्हणाले, "उंदराला दाभण धरता येत न्हाय, मंगल. जायचं हुतं तर सांगायचं की."

सांगायचं! शंभरदा सांगितलं होतं... पण अंगठा काढता येत नव्हता, तो मी आणखी घट्ट दाबला. कसेबसे काठाला लागलो. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही आणि मीही गडहिंग्लजचं नाव घेतलं नाही. कुठल्या तोंडानं घेणार?

गेल्या रविवारी मुलगा टेम्पो घेऊन आला. मला अडवणारं आता कोणी नव्हतं. जायचं होतंच मला, हट्ट माझाच होता. सकाळी शेवटचं म्हणून नाव फुगवली, फेस चोळला, तर कडेला बारीक बुडबुडा. घासलं, ठिगळ चिकटवलं.

खालून त्याची हाक आली, "आई, चल की! कशाला थांबलीस?"

"सोल्युशन वाळू दे," मी म्हणाले.

ते कधीच वाळलं होतं. टेम्पो रिकामा परत गेला.