गाठीलाही दुरुस्ती येते

औषध लागू पडलं नाही, तर हरलं कोण... औषध की माणूस? आणि तुम्ही पटकन माणसाचं नाव का घेता?

माझी जानकीअत्त्या, म्हणजे अप्पांची बहीण, जाऊन आता काही आठवडे झाले. अप्पांचा फोन आला तेव्हा मी कुंभकोणमहून येणाऱ्या बसमध्ये उभी होते. "गेली. ये," एवढंच ते म्हणाले. तंजावूरला राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत पोचले, तर दाराशी चपलांची गर्दी होती आणि शेजारच्या बाई कोणाला तरी तमिळमध्ये समजावत होत्या, की पहिल्या खेपेला बिचारी मनानं घट्ट होती म्हणून औषध लागलं, या खेपेला मनच खचलं. ज्या बाईनं उभं आयुष्य औषध का लागत नाही हे शोधण्यात घालवलं, तिच्या उशाशी हे बोललं जात होतं. त्या दिवशी मी गप्प बसले, कारण घर रडत होतं. आज बसणार नाही.

आमच्या घरात वर्तमानपत्रापेक्षा पत्रकं जास्त. अप्पा बस कामगारांच्या संघटनेची पत्रकं लिहायचे, मी ती वाटत वाटत वाढले आणि पुढं स्वतःच लिहू लागले. अत्त्याचा त्याला विरोध नव्हता, पण ती माझं पत्रक हातात घेऊन एकेका उद्गारचिन्हावर काट मारायची. "ओरडूं नको गं," म्हणायची, "खरें असेल तर हळू सांगितलें तरी टोचतें." आम्हां तंजावूरच्या मराठी लोकांत, माझ्या पिढीत देवनागरी वाचणारे फार थोडे, मराठी घरात बोलायची आणि लिहायचं सगळं तमिळमध्ये. मला अक्षरं तिनं शिकवली. हा लेख मी तुमच्यासाठी मराठीत लिहू शकते तो त्यामुळे.

ती कॉलेजात बायोकेमिस्ट्री शिकवायची आणि तिचं संशोधन होतं डीएनएची दुरुस्ती करणाऱ्या एन्झाइमांवर. ऊन लागतं, धूर लागतो, नुसतं जगण्यानंसुद्धा आपल्या पेशींमधला डीएनए रोज तुटतो, आणि ही एन्झाइमं तो रोज सांधतात. ती नसती तर आपण कोणीच फार टिकलो नसतो. केमोथेरपीची कित्येक औषधं नेमकं उलटं काम करतात, गाठीतल्या पेशींचा डीएनए मोडून ठेवतात. पण गाठीच्या पेशीही आपल्याच. त्यांच्याकडेही हे सांधकाम असतं, आणि ते जोरात असलं तर औषध मोडत राहतं आणि पेशी जोडत राहते. अत्त्या याच पेशींच्या मागं होती.

जवळच्या ओरत्तनाडू गावी बायकांच्या एका गटासमोर तिनं हे सांगितलं तेव्हा मी बरोबर गेले होते. पिशवीतून तिनं आमच्या तंजावूरची ती गोल बुडाची बाहुली काढली, कितीही ढकलली तरी उठून उभी राहते ती. टेबलावर ठेवून ढकलली. उठली. पुन्हा ढकलली, पुन्हा उठली. बाया हसायला लागल्या. मग अत्त्यानं सांगितलं, की ढकलणारं बोट म्हणजे औषध, बाहुली म्हणजे गाठीतली पेशी, आणि बुडाशी जो मातीचा गोळा आहे तो म्हणजे दुरुस्ती. मागं बसलेल्या एकीनं लगेच विचारलं, मग गोळाच काढून टाका की. "तेवढ्यासाठीच तर मला पगार देतात," अत्त्या तमिळमध्ये म्हणाली आणि सगळ्या बाया खिदळल्या. मग थोडी गंभीर होऊन ती म्हणाली, की अडचण एवढीच, तो गोळा तुमच्या-माझ्या बुडाशीही आहे.

पुढं तिलाच अंडाशयाचा कर्करोग झाला. पहिल्यांदा औषध छान लागलं, आणि का लागलं तेही तिला ठाऊक होतं. तिच्या गाठीत दुरुस्तीचं एक हत्यार मुळातच मोडकं होतं. औषधानं डीएनए तोडला, गाठीला तो सांधता आला नाही. घरच्यांनी श्रेय वाटून टाकलं... कोणी नवसाला, कोणी तिच्या मनोबलाला. ती हसून घ्यायची.

गाठ परत आली तेव्हा मात्र हसण्यासारखं काही उरलं नाही. डॉक्टरांनी खोलीच्या दारातून विचारलं, घरातलं मोठं कोण आलंय? थोरले काका उठून आत गेले. अत्त्या बाहेर बाकावर बसून राहिली, कारण आमच्या घरांत रीतच तशी आहे. आजाराची गोष्ट आजाऱ्याच्या कानावर घालायची नाही, आणि बाई बिनलग्नाची असेल तर तिच्या वतीनं थोरल्या भावानं बोलायचं. मग ती साठीकडं झुकलेली प्राध्यापक का असेना. काका बाहेर आले आणि म्हणाले, सगळं ठीक आहे, तेंच औषध पुन्हा द्यायचें. दुसऱ्या दिवशी बाजारातून एक नवी कोरी बाहुली आणून त्यांनी तिच्या पलंगाशी ठेवली. "अशी उठून बसायचीस, जानू," म्हणाले. काकांचे डोळे भरले होते. अत्त्यानं बाहुलीकडं बघितलं, मग त्यांच्याकडं.

"दादा, ही मी नव्हें. ही माझी गाठ."

काकांना ते कळलं नाही. तिला मात्र काहीतरी खटकलं होतं. गाठ परतली असताना, नवा तुकडा न तपासता, जुन्याच तपासणीवर औषध कसं ठरलं? पुढच्या खेपेला तिनं नर्सला सरळ विचारलं. नर्स गोंधळली. म्हणाली, अम्मा, डॉक्टरांनी बायोप्सी सुचवली होती, तुमच्या अण्णांनीच, थोरल्या भावानंच, नको म्हणून सांगितलं. सुई लावली की गाठ पसरते, ही भीती आमच्याकडं घरोघरी आहे. भीती असण्यात काही चूक नाही, ती डॉक्टरांना विचारायची असते. पण काकांनी ती विचारली नाही, आणि जिच्या पोटात गाठ होती तिलाही विचारलं नाही. परस्पर नकार देऊन आले.

घरी त्या दिवशी जेवणं निवून गेली. काका पुन्हा पुन्हा म्हणत होते, तुज दुखूं नये म्हणून नको म्हणालों. अत्त्या आवाज न चढवता म्हणाली, "दुखणें माझें, तपासणी माझी. तू ऑटो बोलाव, तेवढें पुरे." अप्पा हसले, मग काकाही नाइलाजानं हसले, आणि सकाळी ऑटो त्यांनीच बोलावला. दवाखान्यात ती एकटी आत गेली. दोघे भाऊ बाहेर बाकावर बसले, शाळेतल्या पोरांसारखे.

तपासणीतून जे आलं ते तिनं आम्हांला रसम-भात कालवता कालवता सांगितलं. गाठीतल्या काही पेशींचं मोडकं हत्यार पुन्हा जुळलं होतं. डीएनएत आणखी एक बदल होऊन पहिला बिघाड सावरला गेला होता. औषधानं बाकीच्या मारल्या आणि या वाचल्या. आता परतलेली गाठ यांचीच पिलावळ. तेच औषध पुन्हा देणं म्हणजे बाहुलीला पुन्हा ढकलणं. मी विचारलं, तुला राग नाही येत? "कोणावर गं? गाठीला डोळें नाहींत, डोकें नाहीं. राग राखून ठेव, माणसांवर लागेल." आणि मग ताक मागितलं.

ते जुनं औषध तिनं घेतलं नाही. डॉक्टरांशी स्वतः बोलून दुसरं घेतलं. त्यानं काही काळ गाठ थोपवली, मग तेही थकलं. नवी बायोप्सी तिला वाचवेल असं तिनं कधीच म्हटलं नव्हतं, आणि बायोप्सीनं तिला वाचवलंही नाही. पण त्या महिन्यांत ती निरुपयोगी औषधाच्या उलट्या काढत पडली नव्हती. पलंगावर बसून विद्यार्थ्यांचे प्रबंध तपासत होती, माझी उद्गारचिन्हं खोडत होती, आणि गाठीचा उरलेला तुकडा अभ्यासासाठी ठेवावा म्हणून तिनं सही केली होती. स्वतःची सही, स्वतःच्या हातानं. काका शेजारी उभे होते, पेन देण्यापुरते.

म्हणून त्या शेजारच्या बाईंना, आणि असं बोलणाऱ्या सगळ्यांना, मी सांगते आहे. माझी अत्त्या खचली नाही. तिच्या गाठीत एका एन्झाइमानं आपलं काम केलं, आणि त्यावरचं औषध आपल्याजवळ अजून पुरेसं चांगलं नाही. हे वाक्य मनोबलाच्या गोष्टीइतकं गोड नाही. पण ते खरं आहे, आणि मेलेल्या माणसावर दोष ठेवत नाही. पराभव झालाच असेल तर तो आपल्या विद्येचा आहे, आणि विद्येला पुन्हा उभं राहता येतं. माणसाला नावं ठेवली की शोधायचं काही उरतच नाही.

अजून एक मागणं आहे, आणि ते तुम्हांला करता येण्यासारखं आहे. तुमच्या घरात कोणाचा आजार परतला, तर नवा तुकडा तपासावा का हे डॉक्टरांना विचारा. पण तो प्रश्न ज्याचा आजार त्यालाच विचारू द्या. दारातून हाक येईल, मोठं कोण आहे म्हणून. तेव्हा उठू नका. आजारी माणसाकडं बोट दाखवा, त्याला आत जाऊ द्या, आणि तो बोलावेपर्यंत तुम्ही बाकावर बसा.