बंद माईकसमोरचा बंब

चष्मेवाल्याच्या दुकानात दिवसभर एकच प्रश्न विचारला जातो. "हे बरं दिसतं, की हे?" गिऱ्हाईक तपासणीच्या जड फ्रेमआड डोळे बारीक करून समोरच्या अक्षरांकडे बघत असतं. चष्मेवाला एक काच काढतो, दुसरी सरकवतो. "पहिलं," गिऱ्हाईक म्हणतं. जरा वेळाने तेच "दुसरं" म्हणतं. मग तो आपली जुनी युक्ती करतो. आहे तीच काच बाहेर काढतो, बोटांत फिरवतो आणि तीच परत बसवतो. "आता?" बरीच माणसं म्हणतात, "हां, आता कसं लख्ख!" ती खोटं बोलत नसतात. समोरच्याचा हिरमोड होऊ नये, एवढाच त्यांचा हेतू असतो.

स्वतःच्या कानांबद्दल निर्णय घ्यायची वेळ आली, तेव्हा ही सगळी गंमत त्याला पाठ होती. तिचा काडीचाही उपयोग झाला नाही.

आठवडाभर चष्मे करणारा हा माणूस दर शनिवारी संध्याकाळी एका जुन्या क्लबच्या हॉलमध्ये बेस गिटार वाजवतो. चार जाड तारांचं हे वाद्य चालू असताना कोणाच्या खिजगणतीत नसतं. बंद पडलं की मात्र नाचणारे एकमेकांच्या पायांवर पाय देऊ लागतात. त्याला त्याची तक्रार नाही. त्याचा जीव गिटारपेक्षाही अडकलाय तो ॲम्प्लिफायरमध्ये. जुना, व्हॉल्व्हवाला. खाली स्पीकरची कपाटाएवढी पेटी आणि तिच्यावर लोखंडी डोकं. डोक्याच्या मागच्या जाळीतून आत ओळीने उभ्या असलेल्या काचेच्या नळ्या, म्हणजेच व्हॉल्व्ह, दिसतात. बटणं दोन. पहिलं दाबलं की व्हॉल्व्ह हळूहळू लालसर होतात. ते पुरते तापल्याशिवाय दुसरं दाबायचं नाही. आणि स्पीकरची केबल जोडल्याशिवाय दोन्हीपैकी कशालाच हात लावायचा नाही, नाहीतर आतलं जळून जातं. म्हणून तो सगळ्यांच्या आधी हॉलवर पोचतो, केबल दोनदा ओढून बघतो, पहिलं बटण दाबतो आणि हाताची घडी घालून उभा राहतो.

"पेटला का बंब?" ड्रमर आल्या आल्या विचारतो. "आंघोळी उरकून घेऊ."

ॲम्पला बंब हे नाव त्यानेच ठेवलं. ड्रमर चष्मेवाल्याचा शाळेपासूनचा मित्र. हॉलमधले ड्रम क्लबचे असल्यामुळे तो येतो तो खिशात दोन काठ्या खोचून, आणि तेवढंच घेऊन परत जातो. बंब जिन्यातून वर चढत असताना ड्रमर हमखास फोनवर बोलत असतो, असा त्याचा लौकिक आहे.

यंदा चष्मेवाल्याचं हर्नियाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सांगितलं की यापुढे भरलेली बादलीसुद्धा उचलायची नाही. बंब क्लबमध्येच ठेवून द्यावा, तर तिथली अडगळीची खोली दमट. एकदा ठेवला होता, तेव्हा सफाईवाल्याने त्यावर ओलं फडकं वाळत घातलं होतं. चष्मेवाल्याने त्या दिवसापासून त्या खोलीचं नाव टाकलं.

मग हॉलच्या साउंडवाल्याने तोडगा काढला. "काका, हा प्रीॲम्प घेऊन जा. जेवणाच्या डब्याएवढा आहे. आत एक व्हॉल्व्ह आहे, खरा. गिटार यात घाला, यातून सरळ माझ्याकडे. घरी ऐकायला माझा छोटा स्पीकर न्या. पसंत पडला तर ठेवा." त्याच आठवड्यात दुकानात आलेल्या एका स्टुडिओवाल्याने भिंतीवरचा बंबाचा फोटो पाहून विचारलं, तो ॲम्प द्यायचा आहे का? चष्मेवाल्याच्या तोंडून "बघू" निघून गेलं. स्टुडिओवाल्याने त्याचा अर्थ "हो" असा घेतला आणि रविवारी सकाळी टेम्पो घेऊन येतो म्हणाला.

म्हणजे शनिवारपर्यंत ठरवायला हवं होतं, बंब ठेवायचा की द्यायचा. एकदा गेला की गेला. तसला दुसरा मिळणं कठीण.

एका संध्याकाळी त्याने दिवाणखान्यात दोन्ही यंत्रं मांडली, तीच सुरावट आधी एकातून, मग दुसऱ्यातून वाजवली आणि स्वतःलाच विचारलं. बंब भारदस्त वाटला. मग डबा नेटका वाटला. मग डबा भारदस्त वाटला. शेवटी त्याने बायकोला हाक मारली. ती स्वयंपाकघरात भांडी लावत होती.

"तिथेच थांब. इकडे बघू नकोस. नुसतं ऐक. हे बरं, की हे?"

"अहो, मला त्यातलं काय कळतंय?"

"म्हणूनच तुला विचारतोय."

त्याने वाजवलं, उठून केबल बदलली, पुन्हा वाजवलं.

"पहिलं," आतून आवाज आला.

"आता?"

"आता दुसरं."

"दुसरं म्हणजे हे आत्ताचं, की मघाचं दुसरं?"

"काय विचारताय ते तुम्ही आधी ठरवा. मग मी सांगते."

तेव्हा चष्मेवाल्याने दुकानातली युक्ती केली. क्षणभर गप्प बसला, काहीही न बदलता तीच सुरावट वाजवली आणि साळसूदपणे म्हणाला, "आणि हे?"

आत भांड्यांचा आवाज थांबला. "तुम्ही काही बदललंच नाही."

तो हरखला. "कळलं तुला? आवाजावरून?"

"खुर्चीवरून. केबल बदलायला उठलात की ती करकरते. आणि इतकी वर्षं तुमच्या दुकानातल्या गोष्टी ऐकतेय मी. माझ्यावर कसले प्रयोग करता?" मग हात पुसत ती दारात आली. "माझं मत विचाराल तर ते डबडं बरं. ते उचलल्यावर तुमचा चेहरा पांढरा पडत नाही."

हे मत आवाजाबद्दल नव्हतं, त्यामुळे त्याला ते धरता येईना आणि सोडताही येईना.

खरा निकाल हॉलमध्येच लागणार, हे त्याला उमगलं. तिथे वाजवण्यात त्याची हयात गेली होती, पण लोकांच्या खुर्चीत बसून स्वतःचा बंब त्याने कधी ऐकला नव्हता. शुक्रवारी दुपारी शेजारच्या दुकानातल्या दोन हमालांकरवी त्याने बंब हॉलवर नेला आणि ड्रमरला बोलावून घेतलं. शाळेत असताना ड्रमर चार दिवस गिटार शिकला होता. दोन सूर त्याला येत होते. तेवढे पुरे होते.

नेहमीसारखीच जोडणी झाली. गिटारची केबल एका लहान लोखंडी डबीत, डबीतून बंबाकडे. डबीतून आणखी एक वायर साउंडवाल्याकडे जायची. "घरघर घालवायला" असं त्याला पूर्वी कधीतरी सांगण्यात आलं होतं, आणि घरघर येत नसल्यामुळे त्याने पुढे चौकशी केली नव्हती. बंबाच्या पेटीसमोर दरवेळी एक माईक उभा असे. आजही होता. बंबाचा आवाज त्या माईकमधून हॉलभर जातो, हे इतकं उघड होतं की विचारायचा प्रश्नच नव्हता.

चष्मेवाला मधल्या रांगेत जाऊन बसला आणि त्याने डोळे मिटले. ड्रमरने दोन सूर आलटून पालटून सुरू केले. आवाज आला, गोल, दाट, जमिनीलगत सरकत येणारा. चष्मेवाल्याचा ऊर भरून आला. हाच तो.

"आता बंब बंद कर," तो ओरडला. "दुसरं बटण फक्त. मग डबा लावू."

"केलं!" ड्रमर म्हणाला आणि सवयीने वाजवत राहिला.

आवाज येतच होता. गोल, दाट, जमिनीलगत. रंगमंचावरून जरा कमी, पण हॉलमध्ये तस्साच.

"बंद कर म्हटलं ना!"

"अरे केलाय बंद! ये, बघ!"

चष्मेवाला वर आला. दुसरं बटण बंदच होतं. त्याने पेटीला कान लावला. पेटी मुकी होती. ड्रमरने पुन्हा तार छेडली आणि हॉलच्या कोपऱ्यांतले मोठे स्पीकर गुरगुरले. दोघांनी एकदमच साउंडवाल्याकडे पाहिलं. तो आपल्या बटणांच्या टेबलाआड काहीतरी शोधत असल्यासारखा वाकला होता.

"काका," अखेर तो म्हणाला, "तो माईक बंद असतो."

"आज?"

"नेहमीच. हा हॉल खालच्या सुरांना फार घुमतो. त्या डबीतून मी थेट गिटारच घेतो, ॲम्पच्या आधीच. माझ्या आधी जो होता ना, त्यानेच जाताना सांगितलं, काकांसमोर माईक लावायचा, पण उघडायचा नाही."

"मग लोकांनी इतकी वर्षं..."

"गिटार ऐकली, काका. तुमचीच."

ड्रमरला हसू फुटलं, पण मित्राचा चेहरा बघून त्याने ते गिळलं.

त्या संध्याकाळी दुकानात चष्मेवाल्याने एका बाईंच्या डाव्या डोळ्याची काच उजव्याला लावली. त्याच्या डोक्यात जुनी वाक्यं फिरत होती. नाचून दमलेल्या एक बाई एकदा म्हणाल्या होत्या, तुमच्या त्या यंत्राच्या आवाजात ऊब आहे हो. त्या रात्री घरी येऊन त्याने बंब चष्म्याच्या मऊ फडक्याने पुसला होता. त्याने व्हॉल्व्ह बदलले तेव्हा तर पुढच्या रांगेतल्या नेहमीच्या आजोबांनी मुद्दाम जवळ येऊन सांगितलं होतं, आता कसा मध झाला आवाज! आजोबांना मध मिळाला कुठून? माईक तर बंद होता. बरं, ती ऊब बंबाची नव्हती, तर मग ती त्याच्या बोटांची म्हणायची का? तसं असेल तर त्याने खूश व्हायला हवं होतं. पण खूश होण्याऐवजी कोणाच्या तरी नावाने आलेलं बक्षीस आपण चुकून घेऊन बसलोय असं त्याला वाटत होतं, आणि ते कोणाच्या नावाने आलं होतं तेही उमगत नव्हतं.

हमालांनी शुक्रवारीच परत आणून दिलेला बंब शनिवारी त्याने घरीच ठेवला आणि डबा नेला. आता पहिल्यांदाच लोकांच्या कानांवर खऱ्या व्हॉल्व्हमधून गेलेला आवाज पडणार होता. चष्मेवाला दर गाण्यानंतर खाली नजर टाकत होता. लोक नाचत होते. मध्यंतरात आजोबा जवळ आले.

"छान," आजोबा म्हणाले. "नेहमीसारखंच."

म्हणजे निकाल लागला होता. बंब गेला काय, राहिला काय, हॉलला फरक नव्हता. बँडच्या गायिकेनेही फोनवर घेतलेलं रेकॉर्डिंग ऐकवलं. त्यात सगळं जिथल्या तिथे होतं. फक्त ड्रमर घुश्शात होता. दोन गाणी त्याने घाईत संपवली होती आणि एकदा तर काठी हातातून निसटली होती.

"काय झालं तुला?" चष्मेवाल्याने विचारलं.

"माझ्या बुडाला काही लागत नव्हतं."

"काय?"

"हसू नकोस. माझं स्टूल तुझ्या पेटीला खेटून असतं ना? तू वाजवलंस की फळ्या हलतात, फळ्यांवरून स्टूल हलतं, आणि मला कळतं आता ठोकायचं. आज फळ्या मेलेल्या. समोर तुझा हात दिसत होता, पण मला हातावरून नाही वाजवता येत. मी आज वाजवत नव्हतो रे, लंगडत होतो."

"हे तू आधी कधी बोलला नाहीस."

"मला तरी कुठे ठाऊक होतं?"

घरी जाताना चष्मेवाला पुन्हा गोंधळला. लोक ड्रमरच्या ठेक्यावर नाचतात. ड्रमर फळ्यांवर वाजवतो. फळ्या बंब हलवतो. म्हणजे बंब लोकांपर्यंत पोचत होता, की नव्हता? कोपऱ्यावर येईपर्यंत त्याला वाटलं, पोचत होता. जिना चढताना आठवलं की आज तर ड्रमर लंगडत असूनही लोक मजेत नाचले. आणि ड्रमरचं बोलणं तरी कितपत धरायचं? कालच त्याने मित्राचा उतरलेला चेहरा पाहिला होता. दुकानातली माणसंसुद्धा चेहरा बघूनच "लख्ख" म्हणतात.

रविवारी सकाळी बेल वाजली. स्टुडिओवाला आला असं समजून त्याने दार उघडलं, तर दारात ड्रमर. सुट्टीच्या दिवशी इतक्या सकाळी त्याला कोणी उभा पाहिला नव्हता.

"भावोजी, तब्येत बरी आहे ना?" बायकोने काळजीने विचारलं.

"वहिनी, तुम्ही फक्त दार धरा," ड्रमर म्हणाला आणि बाह्या सरसावून त्याने लोखंडी डोकं पोटाशी धरलं. "माझं घर तळमजल्याला आहे. ओल नाही. शनिवारी मी नेईन, मी आणीन. तू बटणं दाबायला ये."

"अरे पण स्टुडिओवाला येतोय. त्याला काय सांगू?"

"आधी काय सांगितलं होतंस?"

"बघू म्हणालो होतो."

"मग सांग, बघितलं म्हणून."

पुढच्या शनिवारी ड्रमर लाल तोंडाने पेटी ओढत हॉलमध्ये शिरला. गायिका बघतच राहिली. चष्मेवाल्याने केबल दोनदा ओढून पाहिली, पहिलं बटण दाबलं, व्हॉल्व्ह तापेपर्यंत हाताची घडी घालून उभा राहिला आणि मग दुसरं दाबलं. साउंडवाला सवयीने माईक घेऊन आला, अर्ध्या वाटेत थबकला.

"काका, आज उघडू का माईक?"

"उघडला तर काय होईल?"

"हॉल घुमेल."

चष्मेवाल्याने माईककडे पाहिलं, मग ड्रमरकडे. ड्रमर स्टूल पेटीजवळ सरकवत होता. "मग राहू दे," चष्मेवाला म्हणाला. "पण लावून ठेव."

दुसऱ्या गाण्यात ठेका मस्त बसला होता. आजोबा मान डोलवत होते. चष्मेवाल्याला वाटलं, बंबाचं दुसरं बटण एकदा बंद करून बघावं. नुसतं क्षणभर. ड्रमरला सांगायचं नाही. लंगडला तर खरं, नाही लंगडला तर... डाव्या हाताने सूर धरून ठेवत त्याने उजवा हात हळूच मागे नेला.

"ए चष्म्या," मान वर न करता ड्रमर म्हणाला, "हात पुढे."

त्याने हात झटक्यात तारांवर आणला, पण एक सूर हुकला. हॉलमध्ये कोणाच्याही ते लक्षात आलं नाही. ड्रमरने मात्र एक सणसणीत शिवी हासडली आणि त्याच्यासाठी पुढचा ठोका जरासा अडवून धरला.